१,६९४ विटांचा हिशेब

पुण्याजवळच्या एका शाळेच्या वाचनालयासमोर आम्हाला विटांच्या जाळीची एक भिंत उभी करायची होती. आराखड्यात ती इंग्रजी एस अक्षरासारखी वळत होती, लांबी १५.६ मीटर आणि उंची २८ रद्द्यांची, म्हणजे विटांच्या २८ आडव्या थरांची, २.८ मीटर. वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची, आडव्या दर्जेला, म्हणजे दोन रद्द्यांमधल्या मालाच्या सांध्याला, १० मिलिमीटर, म्हणून एक रद्दा बरोबर १०० मिलिमीटरचा. एका रद्द्यातील लगतच्या दोन विटांच्या मध्यांत २६० मिलिमीटर अंतर ठेवायचे, त्यामुळे दोन विटांमध्ये ७० मिलिमीटरची फट राहते आणि तिच्यातून वारा व उजेड आत येतो. प्रत्येक वीट स्वतःच्या मध्याभोवती थोडी फिरवायची आणि ती किती फिरवायची हे सह्याद्रीच्या एका डोंगररांगेच्या कृष्णधवल छायाचित्रावरून ठरवायचे, असा संकल्प होता. छायाचित्रात जिथे गडद छटा तिथे वीट जास्त वळलेली आणि जिथे फिकट आकाश तिथे सरळ, म्हणजे तिरक्या उन्हात भिंतीवर डोंगररांग उमटेल.

असे काम हाताने रेखाटणे अशक्य नसले तरी प्रत्येक बदलासाठी ते पुन्हा रेखाटणे अशक्य आहे, म्हणून आम्ही रायनो ही त्रिमितीय रेखाटनाची संगणकप्रणाली आणि तिच्या आतील ग्रासहॉपर वापरले. ग्रासहॉपरमध्ये ओळीने संहिता लिहावी लागत नाही. छोट्या ठोकळ्यांसारखे घटक पडद्यावर मांडायचे आणि त्यांना तारांनी जोडायचे. एका घटकातून निघालेली माहिती तारेतून पुढच्या घटकात जाते आणि शेवटी आकार तयार होतो. डेव्हिड रुटन यांनी २००७ साली ही प्रणाली पहिल्यांदा लोकांपुढे आणली तेव्हा तिचे नाव ‘एक्सप्लिसिट हिस्टरी’ असे होते. मला ते जुने नाव आजही अधिक नेमके वाटते, कारण आकार कसा घडला याचा संपूर्ण इतिहास तिथे उघडा मांडलेला असतो आणि चूक शोधायची म्हणजे तो इतिहास मागून पुढे वाचायचा असतो.

आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ वास्तुविशारद बाईंची एक शिस्त आहे: संगणकावर पहिला घटक ठेवण्यापूर्वी अपेक्षित उत्तर कागदावर लिहायचे. त्याप्रमाणे मी लिहिले की १५.६ मीटरचे ६० समान भाग केले तर दोन्ही टोके धरून ६१ बिंदू मिळतील. सांधमोडीसाठी, म्हणजे उभे सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून, एकाआड एक रद्दा अर्ध्या अंतराने सरकवायचा आहे; त्यामुळे त्या रद्द्यांत ६० विटा बसतील. १४ रद्दे ६१ विटांचे आणि १४ रद्दे ६० विटांचे, मिळून १,६९४ विटा. त्या कागदाचा पुढे इतका उपयोग झाला की माझ्या टेबलाशेजारच्या भिंतीवर तो अजून चिकटवलेला आहे.

पहिली अडचण भिंतीची नव्हती, जागेची होती. सर्वेक्षणाचा नकाशा यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीच्या ४३व्या पट्ट्यातील सहनिर्देशकांत होता आणि तो तसाच असायला हवा. सर्वेक्षकाच्या दृष्टीने त्यात काहीही चुकीचे नव्हते. परंतु त्या पद्धतीत उत्तरेकडचे अंतर विषुववृत्तापासून मोजले जाते आणि पुणे परिसरासाठी ते दोन हजार किलोमीटरांहून अधिक भरते. आमची फाइल मिलिमीटरमध्ये होती, म्हणजे प्रत्येक विटेचा एक सहनिर्देशक दोनशे कोटींहून मोठा झाला. पडद्यावर विटांच्या कडा दातेरी दिसू लागल्या, काही विटा चपट्या झाल्या आणि दृश्य फिरवले की भिंत थरथरल्यासारखी होई. माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याला वाटले की संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बिघडले आहे, आणि त्याने अर्धा दिवस त्यामागे घालवला.

रायनो मूळ भूमिती दुहेरी अचूकतेने, म्हणजे जास्त अंकांच्या संख्यांत साठवते, मात्र पडद्यावर दाखवण्यासाठी जी त्रिकोणांची जाळी बनते ती एकेरी अचूकतेची असते. एकेरी अचूकतेच्या संख्येत साधारण सातच अंक विश्वासार्ह असतात. हिशेब केला तर दोनशे कोटींच्या आसपास अशा दोन लगतच्या संख्यांमधील अंतर १२८ निघते. आमच्या विटेची रुंदीच ९० मिलिमीटर होती, म्हणजे मोजपट्टीवरील सर्वांत लहान खूण विटेपेक्षा मोठी होती. उपाय सोपा निघाला: भूखंडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील दगड हा आरंभबिंदू धरून सगळे रेखाटन शून्यापाशी आणले आणि मूळ सहनिर्देशक एका पॅनलमध्ये, म्हणजे माहिती दाखवणाऱ्या चौकटीत, जपून ठेवले, म्हणजे शेवटी सर्वेक्षकाला आकडे देताना तेवढीच बेरीज परत करता येईल.

दुसरी अडचण अधिक फसवी होती. वक्ररेषेवर प्रत्येक विटेसाठी एक प्रतल लागते: विटेची लांबी कोणत्या दिशेला, रुंदी कोणत्या आणि वरची बाजू कोणती हे ते प्रतल सांगते. मी ‘कर्व्ह फ्रेम्स’ हा घटक वापरला, प्रत्येक प्रतलावर ठोकळा बसवला आणि छायाचित्र जोडण्यापूर्वी चाचणी म्हणून सगळ्या विटा २० अंशांनी फिरवल्या. विटा फिरल्या, पण कोनमापक लावल्यावर कोन ६६ अंशांचा निघाला. हे कारण लगेच सापडले, कारण ते अनेकांच्या वाट्याला येते. फिरवण्याचा घटक मुळात रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात, संख्या मागतो आणि अंश हवे असतील तर त्या प्रवेशाला तसे सांगावे लागते. २० रेडियन म्हणजे तीन पूर्ण फेऱ्या आणि वर सुमारे ६६ अंश. चुकीची खूण म्हणून कोणताही घटक लाल झाला नाही, इशाऱ्याचा नारिंगीही झाला नाही, कारण २० रेडियन हा अगदी वैध कोन आहे.

तो कोन दुरुस्त केल्यावर भिंत नीट दिसू लागली आणि मी पुढे जाणारच होते. तेवढ्यात मधल्या भागात आडव्या दर्जा एका रेषेत नाहीत हे लक्षात आले. भिंतीचे वळण जिथे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाते त्या ठिकाणी दर्जा बरोबर १० मिलिमीटर सरकलेल्या होत्या. जवळ जाऊन पाहिले तर उजव्या अर्ध्यात सगळ्यात खालचा रद्दा जमिनीत गेला होता आणि सगळ्यात वरचा गायब होता. ‘कर्व्ह फ्रेम्स’ने दिलेले प्रतल वक्रतेच्या केंद्राकडे तोंड करते. एस आकारात मध्यावर वक्रता बाजू बदलते, त्याबरोबर प्रतल उलटते आणि त्याची वरची दिशा खाली जाते. ठोकळा वर ९० मिलिमीटर उभा राहण्याऐवजी खाली ९० मिलिमीटर उतरतो. रद्दा १०० मिलिमीटरचा असल्यामुळे उतरलेली वीट जवळजवळ खालच्या रद्द्याच्या जागी बसते आणि फरक केवळ दर्जेएवढा, म्हणजे १० मिलिमीटरचा उरतो. शिवाय फिरण्याची दिशाही उलटते, परंतु एस आकार स्वतःच अर्ध्यावर उलटणारा असल्यामुळे ती डोळ्यांना मुद्दाम केलेली रचना वाटते. चूक आणि आकार यांचे तोंडवळे इतके जुळलेले होते की दर्जांची रेषा तुटली नसती तर ही गोष्ट थेट बांधकामापर्यंत गेली असती.

त्या ठिकाणी ‘होरिझॉन्टल फ्रेम्स’ हा घटक बसवला. तो प्रतल आडवे ठेवतो आणि वरची दिशा आकाशाकडेच राहते. त्या दिवसापासून मी कोणत्याही वक्ररेषेवरील प्रतलांच्या वरच्या दिशेला आधी छोटे बाण लावून पाहते आणि मगच त्यांवर काही बसवते.

यानंतर जे घडले त्यात आमचे तीन दिवस गेले, आणि ग्रासहॉपरबद्दल मला जे काही खरेखुरे समजले आहे ते बहुतेक त्या तीन दिवसांत समजले. छायाचित्रातून प्रत्येक बिंदूची छटा घेऊन तिचे कोनात रूपांतर करणारा भाग माझ्या सहकाऱ्याने वेगळा तयार केला होता. त्याने कोनांची एकच सलग यादी दिली: १,६९४ संख्या, क्रम अचूक. माझ्याकडचे बिंदू मात्र २८ फांद्यांच्या झाडात, म्हणजे गटागटांनी मांडलेल्या यादीत होते, प्रत्येक रद्द्याची एक फांदी. दोन्ही तारा फिरवण्याच्या घटकाला जोडल्या आणि संगणक गोठला. बऱ्याच वेळाने भिंत दिसली, ती अशी: प्रत्येक रद्द्यात विटा एकाच नमुन्याने फिरलेल्या, डोंगराचा मागमूस नाही, आणि भिंतीच्या उजव्या टोकाला विटांऐवजी एक गुळगुळीत गोल खांब उभा.

तो खांब पाहून आम्ही सगळे चुकीच्या दिशेने विचार करू लागलो. कुणाला वाटले की वक्ररेषेचे टोक नीट नाही, कुणाला वाटले की छायाचित्राच्या कडेला काळी पट्टी आहे. मी दोन्ही शक्यता तपासल्या आणि त्यांत एक दिवस गेला. मग बाईंनी विचारले, “विटा किती आहेत?” मी शेवटच्या घटकातून विटांची संख्या पॅनलमध्ये काढली. ती ४७,४३२ होती.

हा आकडा २८ गुणिले १,६९४ आहे हे कागदामुळे तत्क्षणी कळले, आणि पुढचे सगळे आपोआप उलगडले. ग्रासहॉपर दोन याद्या जोडताना, वेगळे काही सांगितले नसेल तर, लांब यादी संपेपर्यंत चालत राहते आणि आखूड यादीतील शेवटची वस्तू पुन्हा पुन्हा वापरते. एका बाजूला २८ फांद्या आणि दुसऱ्या बाजूला एकच फांदी असेल तर ती एक फांदी प्रत्येक वेळी नव्याने वापरली जाते. म्हणजे पहिल्या रद्द्याचे ६१ बिंदू पूर्ण भिंतीच्या १,६९४ कोनांशी जोडले गेले: पहिल्या ६१ कोनांना आपापला बिंदू मिळाला, आणि उरलेले सगळे कोन शेवटच्या बिंदूवर येऊन पडले. तोच प्रकार प्रत्येक रद्द्यात. म्हणून प्रत्येक रद्द्याला पहिल्या रद्द्याचा नमुना मिळाला आणि टोकाला एकाच जागी १,६३४ किंवा १,६३५ विटा वेगवेगळ्या कोनांत एकमेकींत घुसल्या. इतक्या विटा एका मध्याभोवती फिरल्या की त्यांचा खांबच दिसणार. खांब हे भूमितीचे दुखणे नव्हतेच. तो जोडीशिवाय उरलेल्या कोनांचा ढीग होता.

फाइल जतन झालेली असल्यामुळे ती उघडली की संगणक पुन्हा गोठत असे. तेव्हा आधी रिकामे ग्रासहॉपर उघडून त्याच्या मेनूतून गणना बंद केली, मग फाइल उघडली, ती एक तार काढली आणि गणना पुन्हा सुरू केली. ही युक्ती माहीत नसल्याने लोक फाइल गेली असे समजून काम नव्याने सुरू करतात, म्हणून ती मुद्दाम सांगते आहे. तारांकडे आधी लक्ष दिले असते तर जोडतानाच शंका आली असती, हेही खरे. एक वस्तू वाहणारी तार एकेरी दिसते, यादी वाहणारी दुहेरी आणि झाड वाहणारी तुटक. आमच्या त्या घटकात एक तुटक तार आणि एक दुहेरी तार शेजारी शेजारी शिरत होत्या.

सहकाऱ्याच्या भागात बिंदूंची यादी सुरुवातीलाच ‘फ्लॅटन’ केलेली होती, म्हणजे झाडाच्या फांद्या मोडून सगळे एका ओळीत आणलेले होते. ती आज्ञा काढली, झाड झाडच राहू दिले. कोनही २८ फांद्यांत आले, फांद्यांची मांडणी दाखवणाऱ्या ‘पॅरम व्ह्यूअर’मध्ये दोन्हीकडे ६१, ६०, ६१, ६० अशी एकसारखी मांडणी दिसली आणि विटा १,६९४ झाल्या. आता डोंगर दिसेल अशी आमची खात्री होती.

डोंगर दिसला, पण वरच्या सात-आठ रद्द्यांत, जिथे छायाचित्रात स्वच्छ आकाश होते, तिथे विटा वेड्यावाकड्या वळलेल्या होत्या. काही पूर्ण सरळ, तर शेजारच्याच पूर्ण ४५ अंशांत. त्या वेळी जास्तीत जास्त कोन ४५ अंश असा धरला होता. आकाशाच्या छटा पॅनलमध्ये पाहिल्या तर त्या ०.८६ ते ०.९० या एवढ्याशा पट्ट्यात होत्या, म्हणजे छायाचित्राचा नैसर्गिक कण. मग त्यांना ० ते ४५ अंश कुठून मिळाले? छटेचे कोनात रूपांतर करताना आधी छटांची किमान आणि कमाल मर्यादा ‘बाउंड्स’ या घटकाने काढली होती. झाड दिले की हा घटक प्रत्येक फांदीची मर्यादा वेगळी काढतो. त्यामुळे आकाशातील रद्द्यालाही त्याची स्वतःची मर्यादा मिळाली आणि ०.८६ ते ०.९० हा पट्टा ताणून थेट ० ते ४५ अंशांवर नेला गेला. आदल्या दिवशी यादी सलग होती तेव्हा हा दोष नव्हता. फांद्या परत आणल्याबरोबर तो जन्मला.

इथे उपाय होता ‘फ्लॅटन’, ज्याला आम्ही आदल्या दिवशी दोषी ठरवून काढून टाकले होते. ‘बाउंड्स’च्या प्रवेशावर, आणि तेवढ्याच ठिकाणी, फांद्या मोडल्या, संपूर्ण भिंतीची एकच मर्यादा निघाली आणि आकाश शांत झाले. माझा सहकारी यावर नाराज झाला. त्याचे म्हणणे असे की एक दिवस जे काढायला सांगता तेच दुसऱ्या दिवशी घालायला सांगता, मग नियम काय? त्याचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याला उत्तर देताना माझ्याही मनात गोष्ट पहिल्यांदा स्पष्ट झाली. ‘फ्लॅटन’ किंवा ‘ग्राफ्ट’ (प्रत्येक वस्तूला वेगळी फांदी देणे) करून पाहायचे आणि चित्र बरे दिसेपर्यंत बदलत राहायचे, ही सवय बहुतेक सगळ्यांना असते, मलाही होती. त्याऐवजी प्रत्येक तारेपाशी एकच विचारायचे: ही माहिती कोणाची आहे? विटेची, रद्द्याची की भिंतीची? कोन हा विटेचा असतो आणि वीट रद्द्यात असते, म्हणून कोनांची मांडणी रद्द्यांप्रमाणेच हवी. छटांची मर्यादा ही भिंतीची असते, म्हणून ती काढताना रद्दे विसरायचे. उंची ही रद्द्याची असते, ती प्रत्येक फांदीला एकच. असे विचारले की आज्ञा निवडावी लागत नाही. ती आपोआप ठरते. आम्ही त्याच दिवशी पडद्यावरील घटकांचे तीन रंगांचे गट केले, विटेचे, रद्द्याचे आणि भिंतीचे, आणि एका गटातून दुसऱ्या गटात जाणाऱ्या प्रत्येक तारेवर एक पॅनल ठेवले.

पुढच्या आठवड्यात शाळेने मुलांना बसून वाचता येईल असा एक झरोका मागितला. आरसीसीची चौकट आणि तिच्यात बसण्याचा कट्टा, दहा रद्द्यांच्या उंचीचा. त्यासाठी एका रद्द्यातील ७ आणि त्याच्या वरच्यातील ६, असे एकाआड एक धरून ६५ विटा वगळायच्या होत्या. चौकटीत पडणारे बिंदू गाळले. झरोका अगदी व्यवस्थित दिसला. सवयीने संख्या पाहिली तर ती १,६९४ होती. १,६२९ व्हायला हवी होती. झरोका तर समोर दिसत होता, मग ६५ विटा गेल्या कुठे? बिंदू गाळले होते पण कोन गाळले नव्हते. त्यामुळे झरोक्यासाठी असलेले कोन झरोक्याच्या उजवीकडच्या विटांना मिळाले, डोंगराचा तो भाग सहा-सात विटा उजवीकडे सरकला आणि शेवटचे कोन पुन्हा टोकाच्या बिंदूवर जमा झाले. या वेळी ढीग सात-आठ विटांचाच असल्यामुळे तो खांबासारखा दिसला नाही, आणि डोंगररांग थोडी सरकली तर कोणाच्या लक्षात येणार? हा दोष केवळ मोजणीने सापडला. आता आम्ही आधी बिंदू आणि कोन जोडून वीट बनवतो आणि गाळायचे ते विटा गाळतो, म्हणजे जोडी फुटण्याचा प्रश्नच उरत नाही.

एवढे झाल्यावर माझ्या मते काम निर्दोष झाले होते. प्लायवुडचे काही फर्मे, म्हणजे वीट ठरलेल्या कोनात ठेवण्याचे साचे, कापून घेतले आणि कोरड्या विटांची मांडणी करून पाहण्यासाठी जागेवर गेलो. गवंडीकामाचे मिस्त्री वयाने मोठे, जाळीचे काम पूर्वी केलेले. त्यांनी गडद भागातील तीन रद्दे निवडले, ४५ अंशांच्या फर्म्याने पहिल्या रद्द्यातील चार विटा ठेवल्या आणि वरच्या रद्द्याची वीट हातात धरून थांबले. “मॅडम, ही वीट बसणार कशावर?” त्यांनी विचारले. त्यांनी ती फर्म्याप्रमाणे धरली आणि हळूच सोडली, तर ती खालच्या दोन विटांच्या मधून तिरकी होऊन खाली गेली.

मी रात्री कागदावर हिशेब मांडला. वरची वीट खालच्या विटेपासून भिंतीच्या दिशेने १३० मिलिमीटरवर असते. दोन्ही विटा सारख्याच कोनात वळलेल्या असतील तर त्यांची सामाईक जागा लांबीत १९० वजा १३० गुणिले कोनाची कोज्या (कोसाइन), आणि रुंदीत ९० वजा १३० गुणिले कोनाची ज्या (साइन). शून्य अंशाला ही जागा ६० × ९० मिलिमीटर असते. २० अंशांना सुमारे ६८ × ४५, ३० अंशांना ७७ × २५, आणि ४४ अंशांपूर्वीच रुंदी शून्य होते. ४५ अंशांत वरच्या विटेला टेकायला काहीच उरत नाही. आम्ही २६० मिलिमीटर अंतर ठरवताना विटेचा कर्ण २१० मिलिमीटर आहे, म्हणून वीट कितीही फिरली तरी शेजारच्या विटेला धडकणार नाही, हे तपासले होते आणि त्यावर समाधानी होतो. शेजारणीशी टक्कर तपासली. खालच्या विटेवरची टेक तपासलीच नाही. मॉडेलमध्ये गुरुत्वाकर्षण नसते, विटा तिथे अधांतरी सुखाने उभ्या राहतात.

स्वित्झर्लंडमधील फ्लेश गावच्या गँटेनबाइन वायनरीची २००६ सालची भिंत अशा फिरवलेल्या विटांचे प्रसिद्ध उदाहरण आहे आणि आमच्या संकल्पामागेही तिची स्मृती होती. तिथे विटा रोबोटने रचल्या होत्या आणि चिकट द्रव्याने जोडल्या होत्या. आमच्याकडे गवंडी, ओळंबा आणि सिमेंटचा माल होता; त्यांना झेपेल असे मॉडेल करणे हेच आमचे काम होते. केरळात लॉरी बेकर यांनी विटांच्या जाळ्या उभ्या केल्या त्या गवंड्यांच्या हातावर विश्वास ठेवून, आणि त्यांचे तिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचे संकुल पाहिल्यावर मला नेहमी वाटते की तिथली प्रत्येक फट विटेच्या टेकीने ठरली आहे.

संरचना अभियंत्यांनी टेकीची रुंदी कुठेही ४० मिलिमीटरांपेक्षा कमी नको असे सांगितले. त्या सूत्रात हा आकडा घातला की कमाल कोन २२ अंशांच्या जरा वर येतो, म्हणून आम्ही २० अंश ही मर्यादा घेतली आणि सगळे कोन ०, ५, १०, १५ व २० या पाच पायऱ्यांवर आणले, म्हणजे पाचच फर्म्यांत काम भागेल. लगतच्या विटांचे कोन वेगळे असतील तर माझे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही. त्यासाठी मॉडेलमध्येच प्रत्येक वीट आणि तिच्या खालच्या दोन विटा यांच्या सामाईक भागाची रुंदी काढणारा एक भाग जोडला, आणि ती ४० मिलिमीटरांखाली गेली तर वीट लाल दिसेल अशी सोय केली. हा लाल रंग ग्रासहॉपरचा नाही, आमचा आहे. त्याचा लाल रंग घटकाला माहिती मिळाली नाही किंवा ती त्याला वापरता आली नाही एवढेच सांगतो. विटेला टेक आहे का हे त्याला कोणीतरी शिकवावे लागते. २० अंशांत डोंगर फिका पडेल अशी मला भीती होती. संध्याकाळच्या उन्हाचा कोन देऊन सावल्या पाहिल्या, तर कडा मऊ झाल्या होत्या पण रांग ओळखू येत होती, आणि मला ती पहिल्यापेक्षा अधिक आवडली.

मिस्त्रींसाठी प्रत्येक रद्द्याचा एक तक्ता छापला: विटेचा क्रमांक आणि फर्म्याचा रंग. पहिल्या छापील तक्त्यावर ‘रद्दा ०’ असे आले, कारण ग्रासहॉपर शून्यापासून मोजते. जागेवर शून्यावा रद्दा म्हणजे पायाचा थर समजला गेला असता, म्हणून सगळ्या क्रमांकांत एक मिळवला. मग आणखी एक शंका आली. तक्ता वाचनालयाच्या बाजूने पाहिल्यावर डावीकडून उजवीकडे वाचायचा होता आणि मिस्त्री काम करणार होते अंगणाच्या बाजूने. तिकडून पाहिले तर क्रम उलटतो. विटा नेमक्या कोनात बसल्या असत्या आणि डोंगररांग आरशात पाहिल्यासारखी उलटी उमटली असती. फर्म्याची पाचरही एकाच बाजूने बरोबर बसते, दुसऱ्या बाजूने ठेवली की विटेचे वळण उलटे होते. म्हणून प्रत्येक फर्म्यावर वाचनालयाकडची बाजू गेरूने रंगवली आणि तक्ते मिस्त्री उभे राहतात त्या बाजूने पुन्हा छापले.

पहिला रद्दा लावला त्या सकाळी मी बाजूला उभी राहून विटा मोजत होते. पायावर खडूने ६१ खुणा केलेल्या होत्या. मिस्त्री तक्त्याकडे पाहत, मदतनीस फर्मा हातात देई, वीट बसे, दोरीवरून नजर फिरे आणि पुढची वीट येई. एकसष्टावी वीट शेवटच्या खुणेवर बसली, तेव्हा मिस्त्रींनी मागे वळून मदतनिसाला दुसऱ्या रद्द्यासाठी ६० विटा मोजून फळीवर काढून ठेवायला सांगितले.